माल्टाला जाताय? किलोमीटर बघू नका, मिनिटं बघा

आमच्या ट्रॅव्हल एजंटने पहिल्याच फोनवर सांगितलं, मॅडम माल्टा तीन दिवसांत होतं, एवढुसा तर देश आहे, उरलेल्या चार दिवसांत इटली टाकू. मॅप उघडून बघितला तर इटलीच्या दक्षिणेला समुद्रात खरंच एवढुसा, सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या साधारण निम्मा, आणि मुख्य बेटाची लांबी जेमतेम २७ किलोमीटर. मी रोज मुलुंडहून सीएसटीला जाते ते अंतर याच्यापेक्षा जास्त आहे. पण मग म्हटलं आपण मुंबईत कधी किलोमीटर मोजतो का? दादर किती लांब विचारलं तर आपण पस्तीस मिनिटं म्हणतो, आणि माल्टात तर लोकलही नाहीये. एके काळी होती बरं का, १८८३ ते १९३१, राजधानी व्हॅलेटापासून इमदिना नावाच्या जुन्या गावाच्या बाजूला जाणारी, ती बंद पडली आणि आता सगळा देश बस आणि गाड्यांवर चालतो, आणि गाड्या इतक्या की सकाळी बारा किलोमीटरला सव्वा तास सहज लागतो. म्हणून इटली कॅन्सल केली आणि सातही दिवस तिथेच राहिलो, मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई, वय ७१, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी. त्यामुळे खाली जे लिहितेय ते या चौघांना जमलेलं आहे, एकट्याने बॅकपॅक घेऊन फिरणाऱ्यांनी आपापलं ॲडजस्ट करून घ्या.

व्हिसाचं आधी उरकते कारण ते कंटाळवाणं आहे. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, युरो चालतो, त्यामुळे नेहमीचा शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसा. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, वर सेंटरची सर्व्हिस फी वेगळी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे, पण पंधरा दिवसांवर कृपया जाऊ नका, सुट्टीच्या सीझनला मुंबईत अपॉइंटमेंटच मिळत नाही, दोन-अडीच महिने हातात ठेवा. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर तीन महिने तरी व्हॅलिड हवा, आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. सासूबाईंच्या नावावर ना पगार ना आयटी रिटर्न, तर नवऱ्याने खर्च मी करतोय असं स्पॉन्सर लेटर दिलं, स्वतःची बँक स्टेटमेंट्स जोडली आणि नातं दाखवायला त्याचा बर्थ सर्टिफिकेट, काही प्रॉब्लेम आला नाही. आणखी एक, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बॉर्डरवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी सिस्टीम सुरू झालीय, त्यामुळे इमिग्रेशनला वेळ जातो. मुंबईहून थेट विमान नाहीच, दुबई किंवा इस्तंबूलवरून जावं लागतं नाहीतर युरोपातल्या एखाद्या शहरावरून, आणि युरोपातून गेलात तर ती इमिग्रेशनची लाइन तिथेच लागते, माल्टाला नाही, तेव्हा मधला वेळ दीड तासाचा वगैरे घेऊ नका, पळापळ होते.

कधी जायचं, तर जुलै-ऑगस्टमध्ये नको. ३५ डिग्री ऊन, सावलीला झाड नाही, डोंगर नाही, नदी तर अख्ख्या देशात एकही नाही. आपल्याला वाटतं आपण मुंबईचे, आपल्याला काय उन्हाचं, पण तिथला पिवळा चुनखडीचा दगड ऊन परत तुमच्याच तोंडावर फेकतो. एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात हे बेस्ट. म्हणजे आपली मे महिन्याची आणि दिवाळीची, दोन्ही सुट्ट्या चालतात. मेमध्ये समुद्राचं पाणी अजून गार असतं, ऑक्टोबरमध्ये उन्हाळाभर तापलेलं मस्त कोमट. फक्त ऑक्टोबरपासून मध्येच पाऊस येतो आणि आला की धो धो, अर्ध्या तासात सखल रस्त्यांवर पाणी. आमची बस मसीडा नावाच्या भागात पाण्यात उभी होती तेव्हा नवरा खिडकीतून बघून म्हणाला, हिंदमाता आलं वाटतं.

आता राहायचं कुठे, सगळ्यात जास्त डोकं इथे लावा कारण इथे चुकलात तर रोज दोन तास बसमध्ये. व्हॅलेटा ही राजधानी, तिच्या सिटी गेटबाहेर ट्रायटन फाउंटन आहे, त्याच्याभोवती मोठा बस डेपो, आणि देशातल्या बहुतेक बसेस तिथूनच सुटतात. तेव्हा डेपोला चालत जाता येईल असं किंवा एका बसमध्ये पोचता येईल असं घर बघा. व्हॅलेटात रूम्स महाग आणि बऱ्याच जुन्या घरांना लिफ्ट नाही, जिने उभे आणि अरुंद, सासूबाईंमुळे ते बाद झालं. सेंट ज्युलियन्सजवळ पाचेविल म्हणून भाग आहे तिथे फॅमिलीने अजिबात राहू नका, पहाटे चारपर्यंत पब आणि दारू पिऊन ओरडणारी पोरं. बुजिब्बा स्वस्त आहे पण सगळ्यापासून लांब. मेल्लिहाला फक्त बीचसाठी जायचं असेल तर छान. आम्ही स्लिमात राहिलो, कारण स्लिमाहून व्हॅलेटाला फेरी आहे, छोटी बोट, दहा मिनिटांत समोरच्या काठावर, ट्रॅफिकशी संबंधच नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला बोटीने जाणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय, तोच आनंद, फक्त डिझेलचा वास कमी. व्हॅलेटाच्या दुसऱ्या बाजूने थ्री सिटीजला, म्हणजे बिर्गू वगैरेला, अशीच बोट जाते, आणि त्या धक्क्यावरून वर शहरात चढायला चक्क लिफ्ट आहे, सरळ अप्पर बराक्का गार्डनमध्ये नेऊन सोडते. गुडघेवाल्यांनी ही लिफ्ट लक्षात ठेवा. दुपारी बाराच्या आधी वर पोचलात तर खालच्या तटावर तोफ उडवतात ती दिसते, संध्याकाळी चारला पुन्हा उडवतात.

बसबद्दल सविस्तर सांगते. कंडक्टर नाही, चढताना ड्रायव्हरकडे कार्ड टॅप करा किंवा सुट्टे पैसे द्या. तिकीट हिवाळ्यात २ युरो, उन्हाळ्यात अडीच, आणि ते दोन तास चालतं, मध्ये बस बदलली तरी पुन्हा पैसे नाहीत. आठवडाभर राहणार असाल तर सात दिवसांचं कार्ड २५ युरोच्या आसपास मिळतं ते एअरपोर्टवरच घेऊन टाका. बस येताना दिसली की हात करायचा, नुसतं स्टॉपवर उभं राहिलात तर ती निघून जाते. आणि भरलेली असेल तर हात करूनही थांबत नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, आरामात नाश्ता वगैरे करून आम्ही स्टॉपवर उभे, एक बस गेली, दुसरी गेली, तिसरीच्या ड्रायव्हरने तर आतून हाताने नाही नाही केलं. सासूबाई म्हणाल्या, अगं मागे लटकून जागा होईल ना! इथे लटकायची पद्धत नाही हो आई. चौथ्या दिवसापासून आम्ही पावणेआठला बाहेर पडायला लागलो आणि सगळा प्रश्न सुटला, रिकामी बस, रिकामा रस्ता, कुठेही पोचा तर आपणच पहिले. किंवा बस जिकडे जाते त्याच्या उलट दिशेने दोन स्टॉप चालत जा, तिथे बस कमी भरलेली असते. आपण विंडो सीटसाठी दादरहून उलटं चर्चगेटला जाऊन बसतो ना, तसंच.

टॅक्सीची ॲप्स चालतात, चौघांत पडली तर फार महाग वाटत नाही, रात्रीसाठी ठीक. स्वतः गाडी घ्यायची असेल तर चांगली बातमी अशी की १९६४ पर्यंत तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं त्यामुळे गाड्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, एक वर्ष चालतं. पण पार्किंगची बोंब आहे, मुख्य बेटावर गाडीच्या भानगडीत पडू नका, घ्यायचीच तर गोझो या शेजारच्या बेटावर घ्या. प्लगही ब्रिटिशच, तीन चौकोनी पिनांचा, म्हणजे घरात कोणी दुबईहून आणलेला अडॅप्टर असेल तोच. बाजारात युरोप अडॅप्टर म्हणून दोन गोल पिनांचा विकतात तो तिथे भिंतीत जातच नाही, आम्ही दोन नेले होते, दोन्ही तसेच परत आणले.

नावं वाचायची एक गंमत शिकून घ्या नाहीतर कुठे उतरायचं तेच कळणार नाही. भाषा माल्टीज, मूळ अरबी घराण्यातली पण लिहितात इंग्रजी लिपीत, आणि अक्षरांचे उच्चार वेगळे. एक्स दिसला की श म्हणायचं, क्यू बहुतेक गिळायचा, डोक्यावर टिंब असलेला जी म्हणजे ज, टिंबवाला सी म्हणजे च, जे म्हणजे य. ज्या गावाच्या नावात मध्येच एक्स बघून आपण अडतो ते मार्साश्लॉक. गोझोला ते स्वतः आउदेश म्हणतात, पाट्यांवर तेच लिहिलेलं असतं. अरबीमुळे काही शब्द एकदम ओळखीचे निघतात, पुस्तकाला क्तिएब, म्हणजे आपलं किताब, जगाला दिन्या, आणि बेटाला ग्झिरा. ग्झिरा म्हणजे अरबीतला जझिरा आणि जझिरा म्हणजेच आपला मुरूडचा जंजिरा, हे लेकीला सांगितल्यावर ती दिवसभर प्रत्येक बेटाकडे बोट दाखवून जंजिरा जंजिरा करत होती. बाकी इंग्रजी सगळ्यांना येतं, ती तिथली दुसरी सरकारी भाषा आहे. हिंदी आणि मल्याळमसुद्धा सर्रास कानावर पडते, हॉस्पिटलात, डिलिव्हरीला, बसवर, आपली खूप मंडळी कामाला आहेत तिथे.

बघायचं काय याची यादी कुठेही मिळते, मी फक्त चुका सांगते. हायपोजियम नावाचं जमिनीखालचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान आहे पाओला गावात, घरं बांधताना टाक्या खणणाऱ्या कामगारांना १९०२ मध्ये सापडलं, खडकात कोरलेले तीन मजले. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला फक्त ८० माणसं सोडतात, एका वेळी दहा. त्यामुळे तिकडे जाऊन तिकीट मागणं म्हणजे गणपतीत ऐन वेळी कोकण रेल्वेचं रिझर्वेशन मागणं. तारखा ठरल्या की त्याच दिवशी ऑनलाइन बुक करा, दोन-तीन महिने आधी. सहा वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत आणि कॅमेरा-मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. आम्ही उशीर केला, दोनच जागा मिळाल्या, नवरा आणि लेक गेले, मी आणि आई बाहेर चहा पीत बसलो. अजून सल आहे.

व्हॅलेटातलं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल बाहेरून बघाल तर साधी भिंत, आत सगळं सोनं आणि जमिनीवर नाइट्स लोकांच्या, म्हणजे एके काळी तिथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या, रंगीत संगमरवरी थडग्यांच्या लाद्या, शेकड्यांनी. कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ मधलं भलंमोठं चित्र तिथे आहे, त्याने सही केलेलं एकमेव चित्र, आणि सही कुठे तर चित्रातल्या रक्तात. रविवारी टुरिस्टांना बंद असतं. खांदे झाकलेले हवेत, टोकदार हिल्स चालत नाहीत कारण लाद्यांवर वण पडतात, दारावरच्या बाईने एका पोरीला कागदी स्लीपर घालायला लावल्या. सासूबाई नऊवारीत नाही पण पाचवारीत होत्या, पदर खांद्यावर, पायात सपाट चप्पल, त्यांना बघून तीच बाई हसून म्हणाली परफेक्ट. चपलेवरून आठवलं, व्हॅलेटाचे उताराचे रस्ते शेकडो वर्षं पाय घासून गुळगुळीत झालेत, पावसात तर शेवाळलेल्या पायऱ्यांसारखे, ग्रिपवाले बूट न्या. त्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना लाकडी बंद बाल्कन्या, हिरव्या लाल निळ्या, गिरगावात खोताची वाडी बघितली असेल तर वाटेल तिचीच श्रीमंत मावशी.

मोस्टा गावातलं घुमटाचं चर्च मात्र चुकवू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४२ ला प्रार्थनेला शेकडो लोक जमलेले असताना घुमट फोडून बॉम्ब आत पडला, जमिनीवर घरंगळत गेला आणि फुटलाच नाही. तसाच एक बॉम्ब तिथे मांडून ठेवलाय. सासूबाईंनी त्याला हात जोडले, म्हणाल्या देवाची करणी आणि नारळात पाणी.

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर ८ तारीख बघून ठेवा. आपल्याकडे मेरीमातेचा जन्मदिवस म्हणून त्याच सुमाराला वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते ना, त्याच दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी, १५६५ चा तुर्कांचा वेढा उठल्याची आठवण, बंदरात होड्यांच्या शर्यती लागतात. उन्हाळाभर प्रत्येक गावाची आपापली जत्रा असते, फेस्टा म्हणतात, लाइटिंग, बँड, खांद्यावरून मिरवणूक आणि फटाके. फटाके म्हणजे सकाळी आठलासुद्धा, नुसत्या आवाजाचे. घाबरू नका, आपल्या सुतळी बॉम्बचे चुलतभाऊ.

खाण्याचं जरा नीट ऐका. पास्तिझी हा त्यांचा वडापाव, पापुद्र्यांची होडीसारखी गरम पेस्ट्री, आत एकतर रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, टपरीसारख्या दुकानात मिळते, एका युरोच्या आत काम होतं. वाटाण्याचं सारण थोडं करी पावडरचं असतं, जिभेला आपलंच वाटतं. पण कडक शाकाहारी असाल तर विचारा, काही ठिकाणी पीठ चरबीत मळतात, लार्ड आहे का असं सरळ विचारायचं, ते सांगतात खरं. पावावर टोमॅटो चोळून, ऑलिव्ह ऑइल, केपर्स घालून देतात ते फार छान लागतं, फक्त त्यात ट्यूना न सांगता घालतात, नो फिश म्हणून पुरत नाही, नो ट्यूना असं नाव घेऊन सांगा कारण कित्येकांच्या लेखी ट्यूना हा मासाच नाही. बिगिल्ला म्हणजे कडधान्याची लसूण घातलेली चटणी, ती शाकाहारी. आणि इमारेत, खजूर भरून तळलेले, आकार थेट शंकरपाळ्याचा, बडीशेपेसारखा वास, व्हॅलेटाच्या गेटजवळच्या गाड्यावर गरम मिळतात, आम्ही रोज खाल्ले. किन्नी नावाचं कडू संत्र्याचं कोल्ड्रिंक १९५२ पासून आहे, त्यांना अभिमान आहे त्याचा, सासूबाईंनी एक घोट घेऊन काढा म्हणून ग्लास सरकवला, मला मात्र तिसऱ्या दिवसापासून आवडायला लागलं. मांसाहारी लोकांसाठी ससा हा तिथला मुख्य पदार्थ, आणि ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत लांपुकी मासा. मासे चांगले ताजे असतात पण मसाला नाही, लिंबू आणि तेल, तेव्हा आपल्या माणसांनी तिखट सोबत ठेवावं.

सोबत काय नेता येतं याचे नियम विचित्र आहेत, ते वाचूनच पिशवी भरा. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, पनीर, तूप, चिकनचं लोणचं सगळं बाद. ताजी भाजी-फळं बिनसर्टिफिकेटची चालत नाहीत, सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. थोडक्यात नारळ चालतो पण कढीपत्ता नाही! सुकी मासळी कायद्याने चालते, पण बोंबील घेऊन विमानात बसायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पोहे आणि सासूबाईंची भाजणी नेली, किचन असलेली रूम होती, रात्री थालीपीठ लावलं की शेजारचा इटालियन दार उघडून बघायचा. नळाचं पाणी प्यायला सुरक्षित आहे पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, चव नाही आवडत, बाटल्या घ्याव्या लागतात. प्रत्येक बाटलीवर १० सेंट डिपॉझिट कापतात, रिकामी बाटली सुपरमार्केटबाहेरच्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते, चुरगाळू मात्र नका, मशीन घेत नाही. लेकीने हा धंदा ताब्यात घेतला होता.

समुद्राबद्दल. माल्टा म्हटलं की पांढरी वाळू डोळ्यांसमोर येते पण बहुतेक ठिकाणी सरळ खडक आणि पाण्यात उतरायला लोखंडी शिडी. पोहता येत नसेल तर मेल्लिहाजवळचा आदिरा बीच, लांबच लांब वाळू आणि आत बरंच चालत गेलं तरी कमरेएवढं पाणी, मुलांना बिनधास्त सोडता येतं. खडकांवर जायचं तर रबरी बूट घाला, काटेरी सी-अर्चिन असतात. लाल झेंडा असेल तर पाय बुडवायलासुद्धा जाऊ नका, सेंट पीटर्स पूलसारख्या जागी लाइफगार्ड नसतो, लोक वरून उड्या मारतात ते बघून आपण मारायची नाही. आणि सकाळी निघायच्या आधी वारा कुठून आहे ते बघा, एका बाजूचा समुद्र खवळलेला असला तर दुसऱ्या बाजूचा शांत असतो, हॉटेलवाल्याला विचारलं की तो लगेच सांगतो आज कुठल्या बाजूला जा. ब्लू ग्रोटो या समुद्रातल्या गुहांच्या छोट्या होड्या तर लाट आली की बंदच, आणि निळा रंग सकाळच्या उन्हातच दिसतो. कोमिनो नावाच्या छोट्या बेटाच्या ब्लू लगूनला आता आधी ऑनलाइन फुकटचा स्लॉट घ्यावा लागतो, तरी गर्दी जुहूला रविवारी असते तशी. पहिल्या बोटीने जा आणि अकराच्या आत परत फिरा, नाहीतर सोडून द्या, मी सोडलं असतं.

त्यापेक्षा ते दिवस गोझोला द्या. एका दिवसात गोझो हा सगळ्यात मोठा घोटाळा आहे, कारण एअरपोर्टवरून किंवा स्लिमाहून चिरकेव्वाच्या धक्क्यावर पोचेपर्यंतच दीड तास गेलेला असतो, मग पंचवीस मिनिटांची फेरी, मग तिकडची बस, आणि परत तेच. दोन रात्री राहा. जाताना फेरीवर तिकीट कोणी मागत नाही, आम्ही काउंटर शोधत बसलो, ते परत येताना गोझोच्या बाजूला घेतात, साडेचार-पावणेपाच युरो. व्हॅलेटाहून सरळ फास्ट फेरी पण आहे, पाऊण तास, बस वाचते, पण समुद्र खवळलेला असला की रद्द होते.

एजंटने दिलेल्या ब्रोशरच्या कव्हरवर एक खडकाची भलीमोठी कमान होती, अझूर विंडो. ती ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळलीय. मी एजंटला फोन करून सांगितलं तर म्हणाला हो का मॅडम. तरी ती जिथे होती त्या गोझोतल्या ड्वेइराला जाच, कमान नसली तरी इनलँड सी नावाचं तळं आहे, तिथून होडी डोंगरातल्या बोगद्यातून बाहेर समुद्रात नेते. जगांतियाची देवळं इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासची, पिरॅमिडपेक्षा जुनी. आपल्याकडे कुठलंही लेणं दाखवलं की गावकरी सांगतो पांडवांनी एका रात्रीत बांधलं, तसं तिथे सांगतात सान्सुना नावाच्या राक्षसिणीने अंगावर पोर घेऊन, पावट्यासारखे दाणे आणि मध खाऊन हे दगड वाहिले. सासूबाईंना ती फार पटली, पोर सांभाळून घर बांधलं म्हणजे बाईच असणार म्हणाल्या.

आणि श्वेयनी खाडीजवळची मिठागरं. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांशेजारी आयुष्य गेलं माझं, आता तिथे काय राहिलंय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम गेले. इथे चिखलात वाफे नाहीत, किनाऱ्याचा खडकच चौकोनी चौकोनी खणून त्यात समुद्र अडवलाय, बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, आणि काही घरं अजून उन्हाळ्यात तिथे मीठ खरवडतात आणि रस्त्याकडेला पिशव्या विकायला मांडतात. संध्याकाळी जा, पश्चिमेचं ऊन पाण्यात पडतं तेव्हा. चौकोनांच्या कडांवरून चालू नका, त्या ठिसूळ आहेत आणि ते कोणाचं तरी शेत आहे.

पैशांचं थोडक्यात, यूपीआय विसरा, फॉरेक्स कार्ड सगळीकडे टॅप होतं, सुट्टे ४०-५० युरो जवळ असू द्या, हिशोबाला त्या दिवशीचा युरोचा भाव बघून घ्या. दुपारी एक ते चार गावातली दुकानं बंद असतात, रविवारी तर बरीच दिवसभर, अपवाद मार्साश्लॉकचा मासळी बाजार, तो रविवारीच असतो, रंगीत होड्यांच्या नाळेवर डोळे काढलेले असतात ते तिथे बघा, आठच्या आत. इमर्जन्सी नंबर ११२.

येताना गोझोचा मध आणा, रानथाइमचा, जरा उग्र असतो. पण मध हा सिक्युरिटीवाल्यांच्या हिशोबात लिक्विड आहे, १०० मिलीच्या वरची बाटली केबिन बॅगेत चालत नाही. सासूबाईंनी आपली बाटली फुटेल या भीतीने पर्समध्ये, हातरुमालात गुंडाळून ठेवली होती, ती काउंटरवर काढून घेतली आणि त्या मुलाशी मराठीत वाद घालूनही परत मिळाली नाही. मी माझी टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकली होती मिठाच्या पिशवीसोबत, ती सहारला बेल्टवर सुखरूप आली, आणि आता आई माझ्या बाटलीतून रोज चमचा चमचा घेतात.